कॉपियरच्या हार्ड डिस्कवर अडकलेले स्कॅन कसे काढायचे? (नागपूर)

धंतोली_ऑफिस

नमस्कार मंडळी. मालमत्तेच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या ऑफिसचं रेकॉर्ड मी सांभाळते. ए३ साइजचं मल्टिफंक्शन कॉपियर आहे, रिफर्बिश्ड घेतलेलं. मागच्या आठवड्यातल्या वादळात दोन-तीनदा लाइट गेली-आली, तेव्हापासून मशीन लोगोपर्यंत जातं आणि हार्ड डिस्कचा सर्व्हिस कोड दाखवून अडकतं. मध्ये एकदा पूर्ण सुरू झालं होतं, दहा मिनिटांनी परत तोच कोड.

मशीनच्या बॉक्समध्ये (मशीनच्याच डिस्कवरचे स्कॅन साठवायचे फोल्डर) साधारण १४० स्कॅन आहेत: खरेदीखतं, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नागपूर सुधार प्रन्यासची प्लॉटची आरएल लेटर. मूळ कागद पक्षकारांना परत गेलेत. इंजिनियर म्हणतो, नवीन डिस्क टाकून फॉरमॅट मारतो, दोन तासांत मशीन चालू. एका दुकानात डिस्क विंडोजला लावून पाहिली, तर "रिकामी आहे" असं सांगितलं.

विचारायचं ते असं: डिस्क खरंच रिकामी झाली असेल का? नसेल तर कुठून सुरुवात करू? आणि ज्यांची फक्त झेरॉक्स काढली, स्कॅन बॉक्समध्ये ठेवला नाही, तेही कागद डिस्कवर सापडतात का?

कॉपियर_मिस्त्री_महाल

ताई, आधी इंजिनियरला फोन करून थांबवा. फॉरमॅट नको. आणि मुख्य बोर्ड बदलायची वेळ आलीच, तर जुना बोर्ड तुमच्याच ताब्यात राहील हेही आत्ताच सांगून ठेवा.

"रिकामी" या शब्दावर जाऊ नका. विंडोजला डिस्कच्या मांडणीच्या मुख्यतः एनटीएफएस, फॅट, एक्सफॅट याच पद्धती कळतात. कॉपियर आपली डिस्क लिनक्स, बीएसडी किंवा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने मांडतं. विंडोजला ती मांडणी ओळखता आली नाही की ते "अनअलोकेटेड", म्हणजे न वापरलेली जागा, दाखवतं. दुकानात मात्र एक गोष्ट नक्की विचारा: "इनिशियलाइझ डिस्क" असा चौकोन आला तेव्हा ओके दाबलं की कॅन्सल? ओके दाबलं असेल तर पहिल्या सेक्टरवर (डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यावर) नवी नोंद लिहिली गेली, आणि त्या चौकोनात जीपीटी हा पर्याय निवडलं असेल तर डिस्कच्या शेवटीही. त्याने स्कॅन पुसले जात नाहीत, पण मशीनला आपलीच डिस्क परकी वाटू शकते आणि मग तेच स्क्रीनवर "फॉरमॅट करू का" विचारतं. तिथेही नाहीच म्हणायचं.

हार्ड डिस्कचा कोड आला म्हणजे डिस्कच गेली असं नाही. कॅननवर ई६०२, रिकोवर एससी ८६० च्या घरातले, कोनिका मिनोल्टावर सी-डी० ने सुरू होणारे कोड, सगळ्यांचा अर्थ एवढाच की बोर्डाला डिस्कशी नीट बोलता आलं नाही. मधली केबल, कनेक्टर, ५ व्होल्टची लाइन, बोर्ड, यातलं काहीही असू शकतं. तुमचं मशीन एकदा पूर्ण सुरू झालं, हे लक्षण चांगलं आहे. डिस्कचं हेड गेलं असतं तर दहा मिनिटं चाललं नसतं.

तपासायचं कसं ते सांगतो. पॅनलवरच्या बटणाने मशीन बंद करा, दिवा पूर्ण विझू द्या, मग मुख्य स्विच, मग प्लग. पाच मिनिटं थांबा. मागचं कव्हर काढलं की कंट्रोलर बॉक्स दिसतो. डिस्क बहुतेक २.५ इंची, साटा जोडणीची असते, चार स्क्रूंच्या पत्र्यावर बसवलेली. काढण्याआधी फोटो घ्या, कोणती केबल कुठे होती ते दिसू द्या. आता साटा केबलचं टोक निरखून बघा. टोनरची बारीक पूड आत गेलेली असते आणि नखाएवढ्या प्लास्टिकच्या जिभेवर काळपट थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ब्लोअर मारू नका, पूड आणखी आत जाते. केबल नवीन टाकायला शंभर-दोनशे रुपयांच्या वर खर्च नाही, ती बदलाच.

मग मल्टिमीटर. २.५ इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, म्हणजे लाल वायर. डिस्क जोडलेली असताना, मशीन सुरू होताना मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ती साधारण १ अँपिअर ओढते. वादळात मार खाल्लेल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर ढिले झाले असतील तर नेमकं तेव्हाच व्होल्टेज ४.५ च्या खाली बसतं आणि कोड येतो. रिकाम्या लाइनवर मोजाल तर ५ पूर्ण दिसेल आणि फसाल.

डिस्कमधून टक-टक असा एकसारखा आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. क्लीन रूम असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच न्या. प्रत्येक वेळी चालू केल्याने प्लॅटरवर (आतल्या फिरत्या तबकडीवर) ओरखडा वाढतो.

मशीन सुरू झालं तर पहिलं काम डाउनलोड नाही. पहिलं काम बॉक्सची आपोआप पुसण्याची मुदत बंद करणं. रिकोच्या डॉक्युमेंट सर्व्हरला कंपनीकडून ३ दिवसांची मुदत लावलेली येते, कॅननच्या मेल बॉक्सलाही ३ दिवसांची. तुमचे १४० टिकलेत म्हणजे कुणीतरी ती वाढवली किंवा बंद केलेली आहे. वाढवली असेल तर जपा: मशीन बंद असतानाही आतलं घड्याळ बॅटरीवर चालू राहतं, आणि सुरू झाल्यावर मुदत उलटलेल्या फाइल मशीन पुसून टाकतं.

मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाका. रिकोला वेब इमेज मॉनिटर, कॅननला रिमोट यूआय, कोनिकाला पेजस्कोप वेब कनेक्शन, क्योसेराला कमांड सेंटर. पॅनल अडकलेलं असलं तरी कधीकधी हे पान उघडतं. जुन्या मशीनचं एनक्रिप्शन जुनं, त्यामुळे आजचं क्रोम "सुरक्षित नाही" म्हणून दारच उघडत नाही. पत्त्यात एचटीटीपीएसऐवजी साधं एचटीटीपी टाकून बघा, नाहीतर एजमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड वापरा. एका वेळी दहा-पंधराच फाइल निवडा. पीडीएफ मशीन स्वतः बनवतं, ५०-६० टाकल्या की मध्येच वेळ संपून सगळं पडतं. आणखी एक: रिकोत कॉपी किंवा डॉक्युमेंट सर्व्हरच्या बटणाने साठवलेल्या फाइल बाहेर काढायला फाइल फॉरमॅट कन्व्हर्टर नावाचा जादा बोर्ड लागतो. तो नसेल तर फाइल यादीत दिसते, पण डाउनलोड होत नाही. तेव्हा ती कागदावर छापून परत स्कॅन करणं हाच मार्ग.

डिस्कवाला_४४००१०

महालच्या भाऊंनी मशीनची बाजू नीट सांगितली. माझं एवढंच म्हणणं की मशीन परत सुरू करण्याआधी डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर (कप्प्याला कप्पा अशी हुबेहूब) प्रत काढा, आणि मशीनला ती प्रत लावा. मग मुदत संपून फाइल पुसल्या, बोर्डाने काही खरडलं, तरी ते प्रतीवर होईल. अस्सल डिस्क पाकिटात सुरक्षित.

पद्धत. साटा पोर्ट असलेला डेस्कटॉप घ्या आणि लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. डिस्क आपोआप माउंट होणं (लावताच उघडली जाणं) आधी बंद करा. यूएसबीची साधी वायर टाळा: यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि दमलेल्या डिस्कला तेवढं पुरत नाही. शिवाय बरेच यूएसबी डॉक डिस्कची कुलुपाची माहिती पलीकडे जाऊच देत नाहीत.

आधी स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचा, स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने. तीन आकडे बघायचे. ५ नंबर म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले. १९९ म्हणजे केबलवर झालेल्या चुका. १९९ शेकड्यात आणि १९७ शून्याच्या आसपास असेल तर डिस्क निर्दोष आहे, केबल दोषी. १९७ शेकड्यात असेल तर घाई करा, पण डोकं शांत ठेवून.

मग एचडीपॅर्म या प्रोग्रामने डिस्कची ओळख वाचा, कॅपिटल आय पर्यायाने. सिक्युरिटीखाली "नॉट लॉक्ड" हवं. "लॉक्ड" दिसलं तर मशीनने डिस्कला पासवर्ड लावलाय. बाहेर ती प्रत्येक सेक्टरला एरर देते, आणि दुकानदार तिला मेलेली ठरवून मोकळा होतो.

कुलूप नसेल तर डीडीरेस्क्यू, प्रत काढायचा प्रोग्राम. कमांडमधला क्रम पाठ करा: आधी मूळ डिस्क, मग प्रत, मग मॅप फाइल (किती वाचून झालं त्याची नोंद). पहिल्या दोघांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या स्कॅनवर चढते. म्हणून लावण्याआधी डिस्कवरचा सिरीयल नंबर कागदावर उतरवा आणि स्क्रीनवरच्याशी जुळवा. पहिली फेरी डी आणि एन पर्यायांनी, म्हणजे अवघड जागा सोडून सोपं आधी उचलायचं. दुसरी फेरी डी आणि आर ३, म्हणजे राहिलेल्या जागी तीनदा प्रयत्न. मॅप फाइल तीच ठेवायची, त्यामुळे मध्ये लाइट गेली तरी पुढे सुरू होतं. ३२० जीबीची धड डिस्क ६० एमबी प्रति सेकंदाने दीड तासात होते. खराब असेल तर दोन-तीन दिवस. नागपूरच्या मे महिन्यात डिस्कवर पंखा असू द्या आणि कॉम्प्युटरला यूपीएस.

प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या, जिचा एकही सेक्टर खराब नाही.

प्रत लावून मशीन चालेल का, हे कुलूप कोणत्या जातीचं आहे त्यावर आहे. बोर्ड स्वतः एनक्रिप्ट करून डिस्कवर लिहीत असेल, तर किल्ली बोर्डाच्या मेमरीत असते आणि प्रत त्याच मशीनमध्ये चालते. दुसऱ्या मशीनमध्ये, मॉडेल तेच असलं तरी, तो नुसता कचरा. म्हणूनच जुना बोर्ड टाकू द्यायचा नाही. बोर्ड बदलताना किल्ली असलेली एनव्हीरॅम चिप जुन्यावरून नव्यावर हलवावी लागते, किंवा एनक्रिप्शन सुरू करताना छापून घेतलेली किल्ली टाकावी लागते. ऑफिसच्या फायलीत असा छापलेला कागद असेल तर आजच शोधा. दुसरी जात, डिस्कला पासवर्ड: बाहेर प्रत निघतच नाही. तिसरी, स्वतःच एनक्रिप्ट करणारी डिस्क: हिचंही तसंच. या दोन्हींत डिस्क हातात घेण्यात अर्थ नाही, मशीन दुरुस्त करायचं आणि त्याच्याकडूनच उघडून घ्यायचं. ज्या बोर्डाने लिहिलं तोच नीट वाचतो.

कोणत्या जातीची आहे हे प्रतीवरूनही कळतं. पहिल्या काही जीबीवर स्ट्रिंग्ज (वाचता येणारे शब्द शोधणारा प्रोग्राम) चालवा. बॉक्सची नावं, वापरणाऱ्यांची नावं, लॉगमधले शब्द वाचता आले तर डिस्क उघडी आहे. एकही धड शब्द नाही आणि झिप केल्यावर आकार तसूभरही घटत नाही, तर एनक्रिप्टेड समजा.

डिस्क उघडी असेल आणि मशीन कायमचं गेलं असेल, तरच फोटोरेक हा फाइल शोधून काढणारा प्रोग्राम. ते एफएफ डी८ एफएफ अशी सुरुवात दिसली की जेपीईजी उचलतं, तसंच टिफ आणि पीडीएफ. पण फार आशा धरू नका. कॉपियर पानं बहुधा जेबिग या आकुंचित पद्धतीत किंवा कंपनीच्या स्वतःच्या पट्ट्यांमध्ये ठेवतं, त्यांना ओळखीची सुरुवातच नसते. हाती येतात ते पॅनलवर दाखवायचे छोटे नमुने. ए४ चं पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं असतं, नमुना काही शे पिक्सेलचा. खरेदीखत आहे की आखीव पत्रिका ते कळेल, गट नंबर वाचता येणार नाही.

रेकॉर्ड_रूम_४४०००१

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. झेरॉक्स काढतानाही पानाची प्रतिमा डिस्कवर तात्पुरती उतरते, मग यादीतून नाव काढलं जातं आणि त्या जागेवर पुढचं काम लिहिलं जातं. पुढचं काम येईपर्यंत मागचं तिथेच पडून असतं. अमेरिकेत २०१० मध्ये सीबीएस न्यूजने न्यू जर्सीच्या गोदामातून चार जुनी कॉपियर विकत घेऊन त्यांच्या डिस्क तपासल्या, तेव्हा पोलिसांचे आणि रुग्णांचे कागद निघाले होते. त्यातलं एक मशीन अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याने वापरलेलं होतं आणि २०१३ मध्ये त्या कंपनीने १२,१५,७८० डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

त्यानंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक काम संपलं की ती जागा पुसून टाकायची सोय असते. ती सुरू असेल तर झेरॉक्सचे कागद विसरा. एसएसडी असेल तर पुसलेलं परत मिळण्याची आशा धरू नका. तुमच्या हातात बॉक्सच आहे.

पण ताई, आधी डिस्कच्या बाहेर शोधा. मशीनमधून तेच स्कॅन कुणाला ईमेल झाले होते का? मेलच्या सेंट फोल्डरमध्ये बघा. एखाद्या कॉम्प्युटरवर शेअर्ड फोल्डर लावलेला होता का? पक्षकारांना व्हॉट्सअ‍ॅपवर काय गेलं? १४० पैकी बरेचसे असेच निघतील.

ज्यांची नोंदणी झालेली आहे ती खतं तर गेलेलीच नाहीत. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक १ (स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं नोंदणी पुस्तक) मधल्या नोंदीची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडून कुणालाही अर्ज आणि फी देऊन मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असलं की पुरतं, नसेल तर सूची २ (नोंदणी कार्यालयातली इंडेक्स-२) वरून शोध घ्यावा लागतो. आखीव पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून नवी मिळते, आणि ताजी नक्कल जुन्या स्कॅनपेक्षा केव्हाही बरी. म्हणून यादी करून दोन भाग पाडा: जे सरकारी दप्तरातून परत मिळतं ते, आणि जे कुठेच मिळत नाही ते, म्हणजे नोंदणी न झालेले करारनामे, पावत्या, हस्तलिखित वाटणीपत्रं. डिस्कवरचा जीव या दुसऱ्या भागासाठी आटवा.

डिस्क बाहेर देणार असाल तर सिरीयल नंबर लिहून पोच घ्या, गोपनीयतेचा लेखी करार करा, आणि प्रत त्यांच्याकडे उरणार नाही हे त्यात लिहा. त्यावर लोकांचे आधार आणि पॅन असणार.

धंतोली_ऑफिस

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं, आकडे देते.

दुकानात कॅन्सल दाबलं होतं. साटा केबलच्या टोकावर टोनरचा थर होता, केबल बदलली. स्मार्टमध्ये ५ ला ०, १९७ ला ८, १९९ ला २३१४. नॉट लॉक्ड. स्ट्रिंग्जमध्ये बॉक्सची नावं वाचता आली. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी दोन तासांत, दुसरीनंतर ४ किलोबाइट वाचायचे राहिले. ५ व्होल्टची लाइन सुरू होताना ४.६ वर बसत होती, पॉवर सप्लाय बदलून घेतला.

प्रत लावून मशीन सुरू झालं. मुदत ६० दिवसांची लावलेली होती, लगेच बंद केली. तरीही यादीत १३१ च दिसतात. ९ कुठे गेले? आणि उतरवताना एक फाइल दरवेळी सतराव्या पानावर थांबते.

डिस्कवाला_४४००१०

न वाचलेले ते ४ किलोबाइट त्या फाइलच्या सतराव्या पानातलेच असण्याची शक्यता जास्त. ब्राउझरमधून पूर्ण फाइल मागू नका. पॅनलवरून पानांची मर्यादा देऊन १ ते १६ छापा, मग १८ पासून पुढे. एकच पान जाईल.

९ फाइल सुरू होताना मुदत संपून गेल्या असतील. पॅनलवरच्या यादीत सगळ्यात जुनी तारीख बघा: ती बरोबर ६० दिवसांच्या आसपास थांबत असेल तर तेच कारण. घाबरू नका, त्या प्रतीवरून गेल्या आहेत. आधी १३१ उतरवून घ्या. मग अस्सल डिस्कवरून दुसरी प्रत काढा, ती मशीनला लावण्याआधी मशीनची तारीख दोन आठवडे मागे न्या, नेटवर्कची केबल काढा म्हणजे घड्याळ स्वतःहून दुरुस्त होणार नाही. आधी पहिल्या प्रतीवर असतानाच तारीख बदला, मग बंद करून डिस्क बदला. मुदतीचं सेटिंग डिस्कवर असेल तर दुसऱ्या प्रतीवर ते परत ६० असेल, तेही सुरू झाल्याबरोबर बंद करा.

कॉपियर_मिस्त्री_महाल

तारीख काही मॉडेलवर अ‍ॅडमिन लॉगिननेच बदलते, आणि भाड्याच्या मशीनवर ते लॉगिन पुरवठादाराकडे असतं. तुमचं स्वतःचं आहे, तर इंजिनियरकडून आजच मागून घ्या. काम झालं की तारीख परत बरोबर लावा, नाहीतर लॉगमध्ये चुकीच्या तारखा पडतात.

रेकॉर्ड_रूम_४४०००१

तारखेचा मुद्दा कोर्टाच्या दृष्टीनेही आहे. यातला एखादा करारनामा पुढे पुराव्यात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग आहेत, अ भाग तुम्ही भरायचा, ब भाग तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली तर तोही बदलतो) व ते कोणत्या पद्धतीने काढलं हे लिहायचं. म्हणून फाइल उतरवल्याबरोबर, त्यांची नावंही न बदलता, प्रत्येकीचं एसएचए-२५६ या पद्धतीचं हॅश मूल्य काढून यादी छापून ठेवा. सोबत मशीनचा आणि अस्सल डिस्कचा सिरीयल नंबर, डीडीरेस्क्यूची मॅप फाइल, आणि घड्याळ किती वाजता मागे नेलं व किती वाजता परत आणलं याची सही केलेली नोंद. अस्सल डिस्क अँटिस्टॅटिक पाकिटात सीलबंद करून कपाटात ठेवा, मशीनमध्ये परत घालू नका.